पाच हत्तींची बाई

दिवाळीत नात आली होती. ती जर्मनीत जन्मली, स्टुटगार्टजवळ वाढली. मराठी स्वच्छ बोलते, फक्त ‘ळ’पाशी थोडी ठेचकाळते. एका दुपारी मी साड्यांना इस्त्री करत होते, आणि सवयीने तोंडाचा पट्टाही चालू होता (छत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवल्यावर तोंड बंद ठेवून काम करणं जमत नाही). ती हसायला लागली. म्हणाली, “आजी, तुझ्यासारखीच एक आजी सिनेमात आहे. तीही इस्त्री करताना व्याख्यान देते. बघणार?”

अशी माझी स्वेतलाना गायर या बाईंशी ओळख झाली. वादिम येन्द्रेयको या दिग्दर्शकाने २००९ साली त्यांच्यावर एक माहितीपट काढला. नाव, ‘पाच हत्ती असलेली बाई’. हत्ती म्हणजे दस्तयेव्हस्कीच्या पाच थोरल्या कादंबऱ्या. या बाईंनी त्या रशियनमधून जर्मनमध्ये आणल्या, तेही अशा वयात की आपल्याकडे त्या वयाच्या बाईला लोक म्हणतात, आता राम राम म्हणत बसा. पहिला हत्ती छापून बाहेर पडला १९९४ साली, तेव्हा बाई एकाहत्तर वर्षांच्या होत्या. शेवटचा आला २००६ साली, त्र्याऐंशीव्या वर्षी.

मला जर्मन येत नाही. नात थांबवून थांबवून सांगत होती. त्यानंतर महिनाभर मी तिला फोनवर छळलं, मिळेल ते वाचून दाखवायला लावलं. त्यातून जे हाती लागलं ते आज तुमच्यापुढे मांडते.

बाईंचा जन्म कीव्हचा, २६ एप्रिल १९२३चा. तेव्हा युक्रेन सोव्हिएत संघात होता. वडील वनस्पतिशास्त्रातले, पिकांच्या वाणांवर काम करणारे. आईने मुलीला लहानपणापासून घरी फ्रेंच आणि जर्मनची शिकवणी ठेवली होती. आपल्याकडे मुलीच्या अंगावर चार दागिने घालतात, अडीअडचणीला मोडता यावेत म्हणून. या माउलीने दोन भाषा घातल्या. स्त्रीधनच म्हणायचं, आणि ते कामी आलं. कसं आलं ते मात्र सरळ नाही.

१९३८ साली स्टालिनच्या धरपकडीत वडिलांना अटक झाली. त्या काळात आत गेलेला माणूस सहसा परत येत नसे. हे आले, दीड वर्षाने, पण छळाने पार मोडलेले. पंधरा-सोळा वर्षांची मुलगी शहराबाहेरच्या लाकडी घरात त्यांची शुश्रूषा करत राहिली. वडील फार दिवस काढू शकले नाहीत. मायलेकी मागे उरल्या, आणि कपाळावर शिक्का, लोकशत्रूच्या घरातल्या बाया.

१९४१ साली स्वेतलाना उत्तम गुणांनी शाळेतून बाहेर पडली आणि हिटलरचं सैन्य कीव्हमध्ये शिरलं. इथे आपण इतिहासाच्या पुस्तकात वाचलेलं थोडं बाजूला ठेवायला हवं. ज्यांचे बाप-भाऊ स्टालिनने नेले होते, त्यांच्यातल्या अनेकांना आलेले जर्मन आधी सुटका करणारे वाटले. विशेषतः ज्या घरात गटेची भाषा शिकवली जात होती तिथे. हा भ्रम किती दिवस टिकला? सप्टेंबरच्या २९ आणि ३० तारखेला, दोन दिवसांत, शहराच्या कडेला बाबी यार नावाच्या घळीत ३३,७७१ ज्यूंना गोळ्या घातल्या. आकडा इतका नेमका कसा, असा प्रश्न पडेल. मारणाऱ्यांनीच मोजून वर अहवाल पाठवला होता. त्या घळीत गेलेल्यांमध्ये स्वेतलानाची जिवलग मैत्रीण होती, आईसह.

आणि त्याच शहरात, त्याच जर्मनांकडे, ही मुलगी दुभाषी म्हणून नोकरीला लागली. डॉर्टमुंडची पूल बांधणारी एक कंपनी कीव्हमध्ये काम करत होती, तिथे. काम नीट केलंस तर पुढे जर्मनीत शिकायला शिष्यवृत्ती मिळवून देऊ, असं आश्वासन होतं.

नातीने सिनेमा इथे थांबवला होता. चहा टाकायला उठली. मी मात्र बसून राहिले, कारण मला आमचं वाड्यातलं माजघर आठवलं. सांगते. पण आधी बाईंची गोष्ट जर्मनीपर्यंत नेते.

१९४३च्या सुरुवातीला स्टालिनग्राडला जर्मनांचा पराभव झाला आणि माघार सुरू झाली. जर्मनांकडे काम केलेल्या मुलीचं सोव्हिएत सैन्य परत आल्यावर काय झालं असतं ते सांगायला नको. मायलेकी कंपनीच्या माणसांबरोबर जर्मनीला निघाल्या. पोचल्या त्या मात्र डॉर्टमुंडला, पूर्वेकडून आणलेल्या मजुरांच्या छावणीत. रशिया-युक्रेनमधून लाखो माणसं अशी वेठीला आणली होती. छातीवर ‘ओस्ट’, म्हणजे ‘पूर्व’, असं लिहिलेली पट्टी शिवायची, त्याशिवाय बाहेर हिंडायचं नाही. काही महिन्यांनी, ओळखीच्या काही जर्मनांनी खटपट केली म्हणून, दोघी तिथून सुटल्या. आणि नवल म्हणजे कबूल केलेली शिष्यवृत्ती खरंच मिळाली, हुम्बोल्टच्या नावाची. १९४४ साली, डोक्यावर बाँब पडत असताना, ही मुलगी फ्रायबुर्ग विद्यापीठात साहित्य आणि भाषाविज्ञान शिकायला लागली!

पुढे ती फ्रायबुर्गचीच झाली. लग्न झालं, दोन मुलं झाली. ‘गायर’ हे सासरचं आडनाव. त्याचा अर्थ गिधाड, असं नातीने सांगितलं तेव्हा मी दचकले, पण आपल्याकडे घारे, कोल्हे, गिधडे आहेतच की. गावाला लागून असलेल्या ग्युंटर्सटाल भागातल्या जुन्या घरात बाईंनी जन्म काढला. कार्ल्सरूह आणि फ्रायबुर्गच्या विद्यापीठांत रशियन शिकवलं, शाळेतल्या मुलांनाही शिकवलं. १९५७पासून भाषांतरं सुरू होती. टॉल्स्टॉय, बुल्गाकोव्ह, सोल्झेनित्सिन, सिन्याव्हस्की अशी मोठी मोठी नावं आहेत. पण घर, मुलं, शिकवणं यातून उरलेल्या वेळात चाललेलं ते काम. हे वाचताना मला आमच्या स्टाफरूममधल्या कितीतरी जणी आठवल्या. फरक इतकाच की त्या लोणची घालत होत्या.

निवृत्तीनंतर झ्युरिकच्या एगॉन आम्मान या प्रकाशकाने दस्तयेव्हस्की सगळा नव्याने करण्याचं काम बाईंकडे दिलं. नव्याने म्हणजे जुनं होतंच. त्या जुन्याचीही एक कहाणी आहे. १९०६ ते १९१९ या काळात म्युनिकच्या पीपर प्रकाशनाने दस्तयेव्हस्कीचे २२ खंड जर्मनमध्ये काढले. त्यांवर भाषांतरकार म्हणून नाव होतं ‘ई. के. राझीन’. वाचकांना वर्षानुवर्षं वाटत राहिलं की कुणी गृहस्थ असतील. प्रत्यक्षात ती एलिझाबेथ केरिक नावाची तरुणी होती, आजच्या एस्टोनियातल्या पॅर्नूची, खंड निघायला लागले तेव्हा जेमतेम विशीची. संपादक म्हणून झळकणारे गृहस्थ होते तिचे मेव्हणे, मोएलर फान डेन ब्रुक. त्यांनी १९२३ साली एक पुस्तक लिहिलं, त्याचं नाव ‘तिसरं राइश’. ते नाव पुढे कुणी उचललं आणि त्याचं काय केलं हे आपण जाणतोच. ज्या वर्षी हे पुस्तक निघालं त्याच वर्षी कीव्हमध्ये स्वेतलाना जन्मली. मी ज्योतिष मानत नाही, पण अशा जागी क्षणभर थांबते खरी.

आता हत्तींच्या नावांकडे येते, कारण खरी गंमत तिथे आहे. ज्या कादंबरीला इंग्रजीत आपण ‘क्राइम अँड पनिशमेंट’ म्हणतो, ती जर्मनीत पिढ्यान्‌पिढ्या ‘शुल्ड उंड झ्यूनं’ या नावाने ओळखली गेली. म्हणजे अपराधीपणा आणि प्रायश्चित्त. गायरबाईंनी पुस्तक काढलं ते ‘फेरब्रेखन उंड श्ट्राफं’ या नावाने. गुन्हा आणि शिक्षा. हे नाव त्यांच्याआधीही कुणी वापरून पाहिलं होतं, पण रुळलं ते त्यांच्यामुळे. केवढा गहजब झाला म्हणे! लोकांना आपल्या ओळखीचं पुस्तक कुणी पळवल्यासारखं वाटलं.

पण बाईंचं बरोबर होतं. रशियन शब्द आहे ‘प्रेस्तुप्लेनिये’. त्यात ‘स्तुप’ म्हणजे पाऊल आणि आधीचा उपसर्ग ‘पलीकडे’ अशा अर्थाचा. रेघ ओलांडून पाऊल टाकणं. मला लगेच आपला ‘अतिक्रम’ आठवला. त्यातही ‘क्रम्’ म्हणजे पाऊल टाकणंच. आणि रोजच्या बोलीत आपण म्हणतोच, त्याने पायरी सोडली. दुसरा शब्द ‘नकझानिये’, शिक्षा. त्याच कुळातला ‘नकाझ’ म्हणजे आदेश, ताकीद. आपल्याकडे तर ‘शिक्षा’ आणि ‘शिक्षण’ सख्ख्या बहिणी (आमच्या काळच्या शाळेत त्या हातात हात घालूनच फिरत). म्हणजे दस्तयेव्हस्कीने मुखपृष्ठावर दोन कोरडे, कोर्टातले शब्द ठेवले. त्या तरुणाला पश्चात्ताप होतो की नाही, होतो तर कधी, हे सहाशे पानांत वाचकाने शोधायचं. ‘प्रायश्चित्त’ असं वरच छापलं की उत्तर आधी सांगून टाकल्यासारखं होतं. परीक्षेच्या पेपरात प्रश्नाखालीच उत्तर छापावं तसं.

‘दैत्य’ अशा अर्थाने जर्मनीत गाजलेल्या कादंबरीला त्यांनी ‘दुष्ट भुतं’ केलं. ‘दैत्य’ म्हटलं की काहीतरी भव्य वाटतं. दस्तयेव्हस्कीची ही भुतं माणसाला झपाटणारी, आपल्याकडच्या वेशीवरच्या भुतांच्या जातीची आहेत. ‘तरुण’ नावाच्या कादंबरीचा झाला ‘हिरवा पोर’. मराठीत करायचं तर मी ‘कोवळं पोर’ म्हणेन. नुसत्या ‘तरुण’मध्ये त्या मुलाचा कच्चेपणा येत नाही.

सिनेमात त्यांची कामाची रीत दिसते. संगणक नाही. मूळ पुस्तक आधी इतक्यांदा वाचायचं की पान बघायची गरज उरू नये. मग एक वयस्कर बाई येते, टाइपरायटर पुढे घेऊन बसते, आणि गायरबाई तिला वाक्यं सांगतात. ती बाई नुसती टंकलेखिका नाही. अडते, वाद घालते, स्वल्पविरामावरून भांडते. मग दुसऱ्या फेरीला एक संगीतकार गृहस्थ येतात. ते सगळं मोठ्याने वाचून दाखवतात आणि शंका काढतात. कानाला खटकलं तर दुरुस्ती. एकेका शब्दावर अशी झटापट की आम्ही दोघी आजी-नाती हसून हसून थकलो. बाईंच्या एका शिक्षिकेने त्यांना सांगून ठेवलं होतं की भाषांतर करताना नाक वर ठेव. म्हणजे ओळीवरून सुरवंटासारखं डावीकडून उजवीकडे सरपटू नकोस. मान वर कर, सगळं वाक्य मनात घे, आणि मग आपल्या भाषेत बोल. माझ्या मुलांना निबंध शिकवताना हे मला माहीत असतं तर!

या सांगून लिहिण्यालाही एक जुना धागा आहे. ऑक्टोबर १८६६मध्ये दस्तयेव्हस्की कर्जात बुडालेला होता. ठरल्या तारखेला नवी कादंबरी दिली नाही तर पुढच्या काही वर्षांतल्या सगळ्या लिखाणावर प्रकाशकाचा हक्क लागणार होता. त्याने आन्ना नावाची लघुलेखन शिकलेली वीस वर्षांची मुलगी कामाला ठेवली आणि २६ दिवसांत ‘जुगारी’ ही कादंबरी तिला तोंडी सांगून पुरी केली. दुसऱ्या वर्षी दोघांनी लग्न केलं. पुढच्या मोठ्या कादंबऱ्या तिनेच अशा टिपून घेतल्या. म्हणजे हे हत्ती मुळात बोलले गेलेले आहेत. त्या वाक्यांना दम लागतो, ती अडखळतात, मागे फिरतात. गुळगुळीत छापील जर्मन त्यांना मानवत नाही, ते पुन्हा बोलूनच उतरवायला हवं. आपण व्यास-गणपतीची गोष्ट ऐकत वाढलेली माणसं, आपल्याला हे समजावून द्यायला नको. (आणि तिथेही लेखनिकाला हत्तीचंच डोकं होतं!)

इस्त्रीचं राहिलंच. धुतलेलं कापड आपली दिशा विसरतं, त्याचे धागे परत जागेवर आणावे लागतात, अशा अर्थाचं काहीतरी बाई बोलतात, आणि तिथून विणलेल्या मजकुराकडे वळतात. लॅटिनमध्ये विणणं या एकाच धातूतून ‘टेक्स्ट’ही आलं आणि ‘टेक्स्टाइल’ही. युरोपच्या लोकांना याचं फार कौतुक. आपल्याकडे ‘सूत्र’ म्हणजे दोराच आहे, ‘ग्रंथ’ म्हणजे गुंफलेलं. पण आपण ते विसरून गेलो आणि बाईंना इस्त्रीच्या टेबलाशी आठवलं.

असो. आता तो माजघरातला विषय.

माझे आजोबा इंग्रजी अमदानीत जिल्ह्याच्या कोर्टात ट्रान्सलेटर होते. मोडीतली खतं, फर्याद्या, जबान्या इंग्रजीत करायच्या, साहेबाला वाचता याव्यात म्हणून. १९४२ साली काही पोरांकडे चोरून छापलेली मराठी पत्रकं सापडली. ती पुरावा म्हणून कोर्टात आली, आणि त्यांचं इंग्रजी आजोबांनी केलं. त्या पोरांना सजा झाली. माझे काका त्यांचे सोबती. ते भूमिगत होते म्हणून वाचले. स्वातंत्र्यानंतर काका घरी आले, पण बापाशी बोलले नाहीत. एका माजघरात दोघे जेवत. मधे आजी वाढत असे आणि एकमेकांचे निरोप सांगत असे. दुभाषीच झाली होती ती. आजोबा गेले तेव्हा मी नऊ वर्षांची होते. आईने एकदा सांगितलं की आजोबांचं म्हणणं इतकंच होतं, मी नाही केलं तर दुसऱ्याने केलं असतं, आणि वाईट इंग्रजीत केलं असतं.

मी मोठी झाले ती काकांच्या बाजूने. शाळेत नऊ ऑगस्टला भाषण करताना आजोबांचं नाव कधी घेतलं नाही.

म्हणून गायरबाईंना विचारलेल्या प्रश्नाशी मी कान टवकारले. जर्मनांबद्दल काय वाटतं? बाईंनी सांगितलं ते असं, की जर्मनीचं माझ्यावर ऋण आहे. तिथल्या माणसांनी आईला आणि मला वाचवलं, शिकवलं. हे भाषांतराचं काम म्हणजे त्या ऋणाची फेड. खरं सांगू? मला ते पुरतं पटलं नाही. वाचवणारी चार-दोन माणसं होती हे खरं. पण मैत्रिणीला घळीच्या काठावर उभं करणारेही त्याच देशाचे होते. त्यांचा हिशेब त्या वहीत कुठे मांडायचा? असं मी नातीला तावातावाने म्हटलं. ती थोडी गप्प बसली. मग म्हणाली, “आजी, जर्मनमध्ये ‘शुल्ड’ म्हणजे अपराधीपणा, आणि ‘शुल्ड’ म्हणजेच कर्ज. एकच शब्द आहे.”

मराठीत आपल्याला हे दोन वेगळे ठेवता येतात, ऋण आणि अपराध. ज्या भाषेत ते वेगळे होत नाहीत, तिथे एखादी बाई ‘माझ्यावर शुल्ड आहे’ म्हणाली तर तिने नक्की काय कबूल केलं? पुस्तकाच्या नावातून तिने हाच शब्द काढून टाकला होता.

सिनेमाचा उत्तरार्ध सोसायला जड आहे. चित्रीकरण चालू असतानाच मुलाला मोठा अपघात झाला. बाईंनी भाषांतर बंद ठेवलं. रोज त्याच्यासाठी स्वयंपाक करून डबा घेऊन जाऊ लागल्या. पंधरा-सोळाव्या वर्षी बापासाठी केलं तेच ऐंशी ओलांडल्यावर मुलासाठी. तो पुढे गेला. नंतर त्या आपल्या नातीला घेऊन आगगाडीने कीव्हला जातात. १९४३ला सोडलेलं गाव साठाहून अधिक वर्षांनी बघतात. खिडकीबाहेर बर्फ आहे, बाई वाकून, जवळजवळ दुमडून बसलेल्या. तिथल्या विद्यार्थ्यांशी बोलतात. लहानपणचं लाकडी घर शोधतात. फार काही हाती लागत नाही, आणि दिग्दर्शकाने लागल्यासारखं दाखवलंही नाही, हे मला आवडलं.

२००७ साली ‘हिरव्या पोरा’च्या भाषांतरासाठी त्यांना लाइपझिग पुस्तकमेळ्याचं पारितोषिक मिळालं. २००९ साली ‘जुगारी’ही आली, तीच ती २६ दिवसांत सांगितलेली. ७ नोव्हेंबर २०१० रोजी बाई फ्रायबुर्गला वारल्या, सत्त्याऐंशी वर्षांच्या होऊन. आम्मानचं प्रकाशनही त्याच वर्षी बंद झालं.

नात परत गेल्यावर मी माळ्यावरून आजोबांचा मोल्सवर्थ खाली काढवून घेतला. मराठी-इंग्रजी कोश, बांधणी पार सुटलेली. काका गेल्यावर वाडा विकला तेव्हा रद्दीत जाणार होता, का कोण जाणे मी उचलून आणला होता. आजोबा ज्या शब्दाशी अडत त्याच्यापुढे पेन्सिलीने बारीक खूण करत. पानं उलटत गेले. ‘चेतवणे’च्या समासात एकाखाली एक चार इंग्रजी शब्द त्यांच्या हातचे होते. पहिले तीन खोडलेले. चौथा सगळ्यांत सौम्य होता. तो तसाच ठेवलेला.

ते पत्रक कुठेतरी कोर्टाच्या दप्तरात असेल. पुढच्या महिन्यात धाकटा भाऊ जिल्ह्याच्या गावी जाणार आहे. त्याला विचारायला सांगितलं आहे.